टॉवेल कारखान्याच्या ऑफिससाठी घेतलेली सायबर सुरक्षेची सर्व्हिस : ८ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते, ११ वर्षं झाली. ऑफिसात आम्ही १४ जण, आणि मागच्या जूनपासून आम्ही सोलापुरातल्याच एका छोट्या टीमकडून ऑफिसच्या सायबर सुरक्षेची सर्व्हिस घेतोय, महिना ९,००० रुपये. आजूबाजूच्या ३-४ कारखान्यांतल्या लोकांनी विचारलं की कसं आहे, घ्यावं का, म्हणून सविस्तर लिहितेय. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, आणि त्याचं कारण त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं: तुमच्या ऑफिसचे कॉम्प्युटर कोण बघतं हे जाहीर कुठे लिहू नका, उद्या कोणीतरी आमच्या नावानं फोन करून "सर्व्हिसवाले बोलतोय, जरा स्क्रीन दाखवा" म्हणेल आणि तुम्ही दाखवाल. मला ते पटलं. ज्यांना हवंय त्यांनी मला किंवा आमच्या मालकांना ऑफिसला येऊन विचारा, सांगू.

आधी हे घ्यावं का लागलं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मागच्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्हाला सूत देणाऱ्या पार्टीकडून मेल आला की आमचं बँक खातं ऑडिटमुळे बंद आहे, या नवीन खात्यावर पेमेंट करा. मेल त्याच जुन्या मेलच्या खाली रिप्लाय म्हणून आलेला, बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर, खाली सही पण त्यांच्याच माणसाची. अण्णांनी, म्हणजे आमचे अकाउंटंट, २२ वर्षं इथेच आहेत, गुरुवारी दुपारी ६ लाख ३८ हजार आरटीजीएस केले. शनिवारी पार्टीचा फोन आला की पेमेंट कधी करताय. अण्णांच्या तेव्हाच लक्षात आलं. आणि अण्णांनी ते सोमवारपर्यंत कोणालाच सांगितलं नाही. सांगायला तोंडच नव्हतं म्हणाले नंतर, दोन रात्री झोपले नव्हते, घरी वहिनींना पण बोलले नव्हते. सोमवारी सकाळी मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि रडायलाच लागले.

त्या दिवशी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन केला, बँकेत गेलो, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकली. १ लाख ९० हजार पुढच्या एका खात्यात थांबवता आले, बाकीचे तोपर्यंत चार-पाच खात्यांतून फिरून निघून गेले होते. शनिवारीच फोन केला असता तर किती वाचले असते हे कोणी सांगू शकत नाही पण १९३० चं सगळं काम त्या सुरुवातीच्या तासांवरच चालतं, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जायच्या आत अडवायचे असतात. मेल आयडी नंतर नीट बघितला तेव्हा दिसलं, पार्टीच्या नावात जिथे एम आहे तिथे आर आणि एन ही दोन अक्षरं शेजारी शेजारी होती. त्या छोट्या फाँटमध्ये, चष्मा लावूनसुद्धा, एमच दिसतो. मी स्वतः मोठं करून बघितलं तेव्हा दिसलं, मग अण्णांना काय बोलायचं.

तर जूनमध्ये ही टीम आली. दोघंच आहेत, एक जण पुण्याला मोठ्या कंपनीत हेच काम करून आईवडिलांसाठी जुळे सोलापुरात परत आलेला, आणि एक ताई, पूर्व भागातल्याच, तेलुगू घरच्या. मला वाटलेलं आल्या आल्या कॉम्प्युटर उघडून अँटिव्हायरस टाकतील, बिल देतील, जातील. आधीच्या कॉम्प्युटरवाल्यानं तेच केलं होतं. यांनी पहिले दोन दिवस एकाही मशीनला हात लावला नाही. प्रत्येकाच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि विचारलं, पेमेंट कसं होतं ते करून दाखवा, बिल कुठून येतं, कोण बघतं, मालक बाहेरगावी असले की काय करता, ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो. ताईंनी ते सगळं एका कोऱ्या कागदावर बाण काढून मांडलं. त्या कागदावर दिसलं की मेल आल्यापासून पैसे जाईपर्यंत मध्ये कुठेच दुसरं माणूस नाही. अण्णा एकटेच पेमेंट टाकतात, मालकांच्या नावाचा ओटीपी येतो तो मोबाईल पण अण्णांच्याच टेबलावर असतो. म्हणजे बँकेनं मेकर-चेकर दिलेलं होतं, एकानं टाकायचं आणि दुसऱ्यानं मंजूर करायचं, पण आमच्याकडे मेकर पण अण्णा आणि चेकर पण अण्णा. २२ वर्षांच्या विश्वासानं आम्ही सगळं ओझं एका माणसाच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि हे त्या ताईंनी मालकांना अण्णांच्या समोर सांगितलं, की चूक यांची नाही, व्यवस्थेत यांना मदत करणारं कोणीच नाही. त्या वाक्यानंतर अण्णा जरा सरळ बसले. माझ्या मते आमचे ९,००० तिथेच वसूल झाले.

पहिला नियम त्या कागदावरूनच झाला. खातं बदललं असा मेल, व्हॉट्सॲप, पत्र, काहीही आलं तरी फोन करायचा, आणि फोन नंबर त्या मेलमधला नाही तर आपल्याकडच्या जुन्या छापील बिलावरचा घ्यायचा. नवीन खातं जोडताना बँक खातेदाराचं नाव दाखवते ते बघायचं. इथे मला फार वाईट वाटलं, कारण आरटीजीएस-एनईएफटीला पैसे पाठवायच्या आधी समोरच्या खात्याचं नाव दाखवायची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं. एरवी नाव काहीही लिहा, खाते नंबरावरच पैसे जातात. म्हणजे आमचं पेमेंट गेलं तेव्हा ती सोय आमच्या नेट बँकिंगमध्ये आलेली होती, नवीन बटण होतं, कोणी दाबलंच नाही कारण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दाबलं असतं तर सुताच्या पार्टीच्या जागी कुठल्यातरी अनोळखी माणसाचं नाव आलं असतं.

मग पासवर्ड. आमचे पासवर्ड कसे होते ते सांगायला संकोच वाटतो पण सांगते कारण तुमच्याकडे पण तेच असणार. कारखान्याचं नाव, ॲट, १२३. मेलला तोच, टॅलीला तोच, जीएसटी पोर्टलला शेवटी एक उद्गारचिन्ह, आणि सगळे अण्णांच्या टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर. यांनी बिटवॉर्डन नावाचा पासवर्ड मॅनेजर लावून दिला. एक मोठा मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा, बाकीचे सगळे तो स्वतः तयार करतो आणि स्वतः भरतो. अण्णांना हे नकोच होतं. "काय वो ताई, एक विसरलो की सगळंच गेलं की," असं म्हणत होते. ताईंनी त्यांच्याशी तेलुगूत बोलून, त्यांच्याच आयुष्यातली चार न जुळणाऱ्या गोष्टींची नावं एकापुढे एक लिहायला लावली, त्याचा मुख्य पासवर्ड झाला. त्यांना तो आठवतो, आम्हाला माहीत नाही. आणि तो एका बंद पाकिटात मालकांच्या घरच्या तिजोरीत आहे. आणि हो, दर महिन्याला पासवर्ड बदलायची जी जुनी सक्ती असते ती यांनी लावली नाही. लोक मग शेवटचा आकडा फक्त पुढे सरकवतात म्हणाले, अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेनं २०१७ मध्येच तसं नको म्हणून लिहिलंय. बाहेर फुटला असं वाटलं तरच बदला.

पासवर्ड मॅनेजरचा खरा उपयोग मला ऑगस्टमध्ये कळला. अण्णांना बँकेच्या नावानं मेल आला, केवायसी अपडेट करा, नाहीतर करंट खातं गोठवू. महिन्याची ७ तारीख, पगाराचा दिवस, बाहेर लूमवरचे लोक पगाराची वाट बघत उभे. अण्णांनी लिंक दाबली. पान उघडलं, तोच रंग, तोच लोगो. मी शेजारीच इनव्हॉइस प्रिंट करत होते. अण्णांनी पासवर्डच्या चौकोनात क्लिक केलं, रोज तिथे खाली एक छोटी पट्टी येते त्यात बँकेचं नाव असतं, ती आली नाही. परत क्लिक केलं. नाही आली. "ताई, हे भरेना की आज," मला म्हणाले, आणि हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. तेवढंच. त्यांना शिकवलं होतं की तो भरत नसेल तर हातानं टाईप करायचं नाही, हाक मारायची. मॅनेजर वेबसाइटचा पत्ता अक्षर न अक्षर जुळवतो, आपले डोळे आर-एन ला एम वाचतात, तो वाचत नाही. पत्ता वेगळा होता म्हणून तो गप्प बसला. आता तर बँकांचे पत्ते डॉट बँक डॉट इन वर गेलेत, रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती, त्यामुळे शेवट बघणं पण सोपं झालंय.

टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड, सगळीकडे लावलं, मेलला आधी, कारण मेल ज्याच्या हातात त्याला बाकी सगळ्याचे पासवर्ड बदलता येतात. एसएमएसच्या ऐवजी मोबाईलमधल्या ऑथेंटिकेटर ॲपचा कोड. मालकांसाठी आणि धाकट्या मालकांसाठी पासकी, म्हणजे कोड टाकायचाच नाही, मोबाईलवर बोट ठेवायचं, आणि ती खोट्या वेबसाइटवर चालतच नाही. मला विचाराल तर सगळ्यांनाच पासकी द्यायला हवी होती, पण आमच्या ४ जणांचे मोबाईल इतके जुने आहेत की जमलं नाही.

मशीनांचं थोडं सांगते. ऑफिसचे ९ कॉम्प्युटर विंडोज १० वर होते, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे सुरक्षेतलं नवीन भोक सापडलं तर नेहमीसारखं फुकट ठिगळ, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, येणार नाही. ६ मशीन विंडोज ११ ला गेले, ३ नवीन घ्यावे लागले, तो खर्च वेगळा आणि तो यांनी सुरुवातीलाच सांगितला होता. प्रश्न आला तो जकार्डच्या, म्हणजे टॉवेलवर विणायच्या नक्षीच्या, डिझाईनच्या कॉम्प्युटरचा. तो विंडोज ७, त्याचा सपोर्ट तर जानेवारी २०२० लाच संपलाय, पण डिझाईनचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही आणि नवीन घ्यायचं तर लाखांत. आधीचा कॉम्प्युटरवाला म्हणायचा चालू द्या. यांनी त्याची नेटची वायर काढली. एवढंच केलं. त्याला ऑफिसच्या नेटवर्कमधून पूर्ण तोडलं, डिझाईन एका ठरलेल्या पेनड्राईव्हवरून जातं, तो पेनड्राईव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासायचा, आणि त्याला लाल दोरा बांधलाय म्हणजे कोणी गाणी टाकणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून पैसे मागणारं सॉफ्टवेअर, आलं होतं ते आठवत असेल, कोणी काही क्लिक न करता एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर स्वतः पसरत गेलं, आणि मायक्रोसॉफ्टनं त्याचं ठिगळ दोन महिने आधी मार्चमध्येच दिलेलं होतं, लोकांनी टाकलं नव्हतं. ज्या मशीनला ठिगळच टाकता येत नाही ते इतरांच्या पंगतीत बसवायचं नाही, हे ताईंचं वाक्य आमच्या डिझायनरला बरोबर कळलं. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा पासवर्ड पण कंपनीतून आला तोच होता, तो बदलला, आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं केलं.

बॅकअपवर मात्र थांबून लिहायला पाहिजे. आम्ही अभिमानानं सांगितलं की टॅलीचा बॅकअप रोज होतो, हार्डडिस्क लावलेलीच असते. ते म्हणाले लावलेलीच असते हाच प्रॉब्लेम, रॅन्समवेअर आलं तर कॉम्प्युटरबरोबर तिलाही कुलूप लावणार. मग म्हणाले, चला, समजा आत्ता हे मशीन मेलं, बॅकअपवरून मार्चची लेजर काढून दाखवा. काढायला गेलो तर डिस्कवर शेवटचा डेटा ७ महिन्यांपूर्वीचा. कोणीतरी टॅलीचं नवीन व्हर्जन टाकताना डेटाचा फोल्डर बदलला होता आणि बॅकअप रोज रात्री ९ वाजता नेमानं जुन्या, रिकाम्या पडलेल्या फोल्डरचा होत होता. हिरवी टिक रोज येत होती. माझ्या पोटात गोळाच आला, आमची सगळी शिपिंग बिलं, बीआरसीचं, म्हणजे परदेशातले पैसे आल्याच्या बँकेच्या दाखल्यांचं, सगळं त्यातच. आता तीन प्रती आहेत: एक मशीनवर, एक क्लाउडवर जिथे जुनी प्रत ३० दिवस कोणालाच पुसता येत नाही, आणि एक डिस्क जी शनिवारी धाकटे मालक घरी नेतात आणि दुसरी आणतात. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी स्वतः एक जुनं बिल बॅकअपमधून काढून प्रिंट करून फाईलला लावते. टिक बघून समाधान मानायचं नाही, कागद हातात आला पाहिजे. तुम्ही सर्व्हिस घ्या न घ्या, हे एक आजच करून बघा.

आता एआयचं, कारण सगळे तेच विचारतात. त्यांच्या पॅकेजमध्ये मेलवर बसणारं एक एआय फिल्टर आहे. ते पहिले काही आठवडे नुसतं बघतं की कोणाचे मेल कोणाला येतात, कुठल्या पत्त्यावरून, कशा वेळेला, आणि मग त्यातून वेगळं काही आलं की वर पिवळी पट्टी लावतं: हा पत्ता तुमच्या नेहमीच्या पार्टीसारखा दिसतो पण तो नाही, किंवा या माणसानं पहिल्यांदाच पैशाबद्दल लिहिलंय. एप्रिलमध्ये हे असतं तर ती पट्टी आली असती असं मला खरंच वाटतं. पण तक्रार पण आहे. सप्टेंबरमध्ये आमच्या परदेशातल्या एका बायरनं कंपनीचा मेल डोमेन बदलला आणि शिपमेंटच्या आधी एलसीतली, म्हणजे पेमेंटच्या बँक हमीपत्रातली, दुरुस्ती नवीन पत्त्यावरून पाठवली, फिल्टरनं ती सरळ बाजूला काढून ठेवली, इनबॉक्समध्ये आलीच नाही. दीड दिवस मी बायरला आठवणी करत राहिले आणि तो म्हणत राहिला पाठवलंय. कंटेनरचं बुकिंग जायची वेळ आली होती. नंतर त्यांनी सेटिंग बदललं, आता फिल्टर अडवत नाही, पट्टी लावून सोडतं आणि पट्टी लागलेल्यांची यादी सकाळी १० ला माझ्याकडे येते. पण एक्स्पोर्टवाल्यांकडे बाहेरचे नवीन पत्ते येणारच, हे त्यांनी आधीच विचारायला हवं होतं. याचे मार्क मी कापते.

दुसऱ्या बाजूला चोरांकडे पण एआय आहे, आणि त्यावर यांनी घेतलेलं सत्र मला सगळ्यात जास्त आवडलं. आधी आम्ही सगळे हेच मानायचो की खोट्या मेलचं इंग्लिश खराब असतं, मराठी तर फारच विचित्र असतं. त्यांनी समोर बसून एआयकडून आमच्या मालकांच्या भाषेतला, आमच्या ऑफिसला शोभेल असा मराठी मेल दोन मिनिटांत लिहून घेतला. एक पण चूक नाही. म्हणजे स्पेलिंग बघून ओळखायचे दिवस गेले. मग धाकट्या मालकांच्या परवानगीनं त्यांच्या व्हॉट्सॲप व्हॉइस नोटवरून आवाज बनवून ऐकवला. हॉलमध्ये कोणी बोललंच नाही. हाँगकाँगची गोष्ट पण सांगितली, २०२४ च्या सुरुवातीला बाहेर आलेली: अरूप या मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीतल्या कर्मचाऱ्याला आधी मेलवर शंका आली होती, मग व्हिडिओ कॉल झाला, त्यात साहेब आणि ओळखीचे सहकारी दिसले, शंका गेली, आणि सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले गेले. कॉलवरचे बाकीचे सगळे चेहरे बनवलेले होते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं पण सांगितलं, ऑगस्ट २०१८, सुमारे ९४ कोटी, त्यातले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून, आणि सुरुवात झाली ती शनिवारी. सुट्टीच्या तोंडावर, घाईच्या वेळेला हे येतं. म्हणून आमच्याकडे आता एक शब्द ठरलाय. पैशाचा विषय फोनवर किंवा व्हिडिओवर निघाला, मग समोर मालक का असेनात, तो शब्द विचारायचा. तो कुठेही लिहिलेला नाही.

आणि आपण स्वतः एआय वापरतो त्याचं काय, हे तर माझ्या डोक्यातच नव्हतं. आमच्याकडची एक मुलगी, हुशार आहे, बायरच्या मेलला उत्तरं छान लिहायची म्हणून फुकटच्या चॅटबॉटमध्ये अख्खी किंमत यादी आणि बायरचं नाव टाकायची. तिचा हेतू चांगलाच होता. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला आणि मग कंपनीनं तिथे असल्या टूल्सवर बंदी घातली, हे त्यांनी सांगितलं, पण आम्हाला बंदी घालू नका म्हणाले, बंदी घातली की लोक घरच्या मोबाईलवर करतात आणि मग तुम्हाला दिसत पण नाही. नियम सोपा: नाव काढा, किंमत काढा, खाते नंबर काढा, मग विचारा. मुलगी आता 'बायर क' असं लिहिते आणि काम तेवढंच छान होतं.

आता मला न आवडलेलं, जे मी त्यांना तोंडावर पण सांगितलंय. ते मधून मधून खोटे मेल पाठवून परीक्षा घेतात. ऑक्टोबरमध्ये त्यांनी पाठवला "दिवाळी बोनसची यादी". १४ पैकी ९ जणांनी उघडला. उघडणारच ना. आमच्या पॅकिंगच्या सुपरवायझर मावशींनी तर घरी फोन करून सांगितलं होतं की यादी आली. नंतर कळलं की परीक्षा होती तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही. चोर असाच मेल पाठवतो हे मला मान्य आहे, पण रोज ज्यांच्याबरोबर डबा खातो त्यांच्या दिवाळीला हात लावून शिकवायचं नाही. मी स्पष्ट बोलले, मालक पण बोलले, आणि त्यांनी येऊन मावशींची सगळ्यांसमोर माफी मागितली. तेव्हापासून कुरिअर, लाईट बिल, ई-वे बिल असले विषय असतात. जानेवारीतल्या परीक्षेत ३ जणांनी उघडला आणि ८ जणांनी पाच मिनिटांच्या आत ग्रुपवर टाकलं की असा आलाय, बघा. ते म्हणतात उघडणाऱ्यांपेक्षा सांगणाऱ्यांचा आकडा बघा. त्या ८ मध्ये मावशी पहिल्या होत्या.

रिपोर्टचं पण बोलते. दर महिन्याला ४० पानांचा इंग्लिश रिपोर्ट यायचा, सॉफ्टवेअरमधून निघालेला, रंगीत चकत्या आणि आलेख. कोणी वाचला नाही, मी पण नाही. तीन महिने मागे लागल्यावर आता एक पान मराठीत येतं: या महिन्यात काय झालं, काय राहिलं, कोणी करायचं. हे पहिल्यापासून द्यायला हवं होतं. आणि दोघंच असल्यामुळे एखाद्या दिवशी दोघंही दुसरीकडे अडकले तर साधं प्रिंटरचं काम लटकतं. पण खऱ्या अडचणीला फोन उचलतात. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत रात्री पावणेदहाला मी होम मैदानावर पोरांना घेऊन होते, आणि मोबाईलवर एकामागून एक लॉगिन मंजूर करा, मंजूर करा असं यायला लागलं, मी काहीच करत नव्हते. पाळण्याच्या आवाजात फोन लावला, दुसऱ्या रिंगला उचलला. "एकदाही हो दाबू नका, मी बघतो," म्हणाले, माझी सगळी लॉगिन बंद केली, पासवर्ड बदलायला लावला, २० मिनिटांत झालं. जुना पासवर्ड मी वर्षांपूर्वी कुठल्यातरी शॉपिंगच्या साइटवर पण वापरला होता, तिथून गेला असावा असा त्यांचा अंदाज. मेलचा तेवढा बदलायचा राहिला होता, माझाच. मी हे ग्रुपवर माझ्या नावानं लिहिलं.

असं ग्रुपवर लिहायचं हा पण त्यांचाच नियम आहे, आणि मला वाटतं बाकी सगळी टूल्स उद्या काढून नेली तरी हा एक ठेवून घ्यावा. चुकलं, दाबलं, उघडलं, की त्याच मिनिटाला सांगायचं, आणि सांगणाऱ्याला कोणी बोलायचं नाही. मालकांनी हे छापून सही करून नोटीस बोर्डावर लावलंय, मराठी आणि तेलुगूत. सरकारचा पण नियम आहेच, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असल्या घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. पण आमच्या अण्णांनी दोन रात्री जे एकट्यानं सोसलं, ते ६ तासांच्या नियमानं थांबलं नसतं. घाबरलेल्या माणसाला आधी घरातल्यांना सांगता आलं पाहिजे, मग सरकारला.

डिसेंबरमध्ये मालक मुंबईला होते, तिथून त्यांचा घाईचा फोन आला की एका मशिनरीवाल्याला आत्ता २ लाख टाका. अण्णांनी शब्द विचारला. मालकांना तो पटकन आठवला नाही, चिडले, फोन ठेवला. अण्णा माझ्याकडे बघत होते, हात थरथरत होते त्यांचे, ज्या माणसाला २२ वर्षं 'हो मालक' म्हटलं त्याला नाही म्हणायचं म्हणजे काय. मग अण्णांनी स्वतः मालकांच्या नंबरवर परत फोन लावला, मालकांनी शब्द सांगितला, आणि म्हणाले, बरोबर केलंत. पेमेंट गेलं.

कोणी घ्यावं? १० ते ४० लोकांचं ऑफिस, बाहेरच्या पार्ट्या, महिन्याला मोठी पेमेंट्स, त्यांनी घ्यावं. दोन-तीन माणसांचं दुकान असेल तर एवढा खर्च नको, मेलला टू-स्टेप, पासवर्ड मॅनेजर, घरी नेलेली डिस्क आणि जुन्या बिलावरच्या नंबरला फोन, एवढं घरच्या घरी होतं. फिल्टर आणि रिपोर्टचे मार्क कापून मी ५ पैकी ४ देते.

आम्ही पुढच्या वर्षासाठी पण घेतोय, दोन अटी घातल्यात: रिपोर्ट मराठीतच, आणि लूमवरचे सुपरवायझर, गेटवरचे वॉचमन यांचं पण सत्र, कारण कुरिअरवाला म्हणून आत येणारा माणूस पहिल्यांदा त्यांनाच भेटतो. ते सत्र मार्चमधल्या एका शनिवारी, पगार झाल्यावर, दुपारी ४ ला आहे. ताई तेलुगू आणि मराठीत घेणार आहेत, कन्नडसाठी आमचा डिस्पॅचचा मुलगा शेजारी बसणार आहे. शेजारच्या कारखान्यांतल्या कोणाला ऐकायला यायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, खुर्च्या मांडायला बऱ्या पडतील.